राखीव डब्यातला चहा

१२ नोव्हेंबर

आप्पा,

पत्राच्या वर तीर्थरूप लिहितात, पुढे दोन-चार अक्षरांना टिंबं देतात, ते मला येत नाही. शाळेत पत्रलेखन शिकवलं त्या वर्षी मी शाळेत नव्हतो. दप्तर घेऊन घरातून निघायचो आणि बसच्या डेपोमागे जाऊन बसायचो, हे तुम्हाला वर्ष संपताना कळलं. प्रगतीपुस्तकावरची तुमची सही तुमची नव्हती, तेही त्याच दिवशी कळलं. तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोललेला नाहीत. मी घरातून निघालो तेव्हाही मशीनवरून मान वर केली नाहीत. राखाडी पँटची शिलाई चालू होती.

चार वर्षं झाली. फोन केला की माझा आवाज ऐकून तुम्ही ठेवून देता, म्हणून हे पत्र. पत्रसुद्धा ठेवून देता येतं, पण ते पडून राहतं, कधीतरी हाताला लागतं.

मी बरा आहे. जेवतो. दाढी आली आहे, तीही सगळीकडे नाही. या चार वर्षांत नऊ ठिकाणी कामं केली आणि नऊ ठिकाणांहून स्वतःच निघालो. पायाला भिंगरी म्हणायचात ते काही खोटं नाही. पण इथं आता आठवा महिना चालू आहे, म्हणून म्हटलं कळवावं.

इथं म्हणजे एका सुपरमार्केटचं चहाचं गोदाम. शहरभर त्यांची दुकानं आहेत आणि स्वतःच्या नावाचा चहा आहे, पिवळ्या पाकिटात. तो इथं पोत्यांतून येतो आणि पाकिटांतून जातो. मी पोती उतरवायला लागलो होतो. तिसऱ्याच आठवड्यात एका कंटेनरचं दार उघडलं आणि मी म्हणालो, "याला साबणाचा वास येतोय."

बाकीचे म्हणाले, "मग आंघोळ उरकून घे."

मागे एक म्हातारे उभे होते, काखेत फाईल. ते पुढे आले, पोत्यात हात घातला आणि मूठभर पत्ती नाकाशी धरली. मग त्यांनी कंटेनरचे कागद मागवले. आधीच्या फेरीत त्यात साबणाच्या वड्या होत्या. चहा सगळा वास ओढून घेतो, आप्पा, कापूस पाणी ओढतो तसा. सगळा कंटेनर परत गेला आणि दुसऱ्या दिवशी मला पोत्यांवरून काढून चवीच्या खोलीत नेलं. त्या म्हाताऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात. बत्तीस वर्षं ते फक्त चहा पितात आणि थुंकतात.

खरंच तेच काम आहे. लांब टेबल, पांढऱ्या कपांची रांग. प्रत्येक कपात मोजून तेवढीच पत्ती, उकळतं पाणी, वर झाकण, सहा मिनिटं. मग चहा वाटीत ओतायचा आणि भिजलेली पत्ती झाकणावर उलटी काढून ठेवायची. आधी डोळ्यांनी बघायचं. पत्ती तांब्याच्या नव्या भांड्यासारखी दिसली पाहिजे. काळी, निस्तेज दिसली तर शंका घ्यायची. मग नाक. मग चमचाभर चहा तोंडात ओढायचा, मोठ्यानं सुर्र करून, आणि शेजारच्या चाकांच्या पिकदाणीत थुंकायचा. लहानपणी मी सुर्र केलं की तुम्ही मोजपट्टीनं टोकायचात. इथं नाही केलं तर मास्तर टोकतात.

रंग घातलेला चहा ओळखायची रीत तर तुमचीच आहे. तुम्ही नव्या कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या चिंधीवर घासायचात, रंग सुटतो का बघायला. इथं ओल्या पांढऱ्या कागदावर चिमूटभर पत्ती टाकतात. चांगली पत्ती गार पाण्यात आपला रंग हळूहळू सोडते. लगेच लाल-पिवळे डाग पडले तर कुणीतरी हात मारलाय. मी मास्तरांना म्हणालो, "हे मला येतं, माझे वडील शिंपी आहेत." ते म्हणाले, "मग तुझं निम्मं शिक्षण झालंय." कुणी माझ्या शिक्षणाबद्दल चांगलं बोललं ते हे पहिल्यांदाच.

टेबलाचे नियम कडक आहेत. कांदा नाही, वासाचं तेल नाही, सिगारेट नाही (सोडली, मी ओढत होतो हेही तुम्हाला माहीत नसेल). आणि सर्दी झाली तर लगेच सांगायचं, बरी होईपर्यंत टेबलाला हात लावायचा नाही.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल. मी पुन्हा लिहीन.

तुमचा, सध्या एका जागी असलेला


२ डिसेंबर

आप्पा,

एक बातमी आहे. मास्तरांच्या मुलीला दिवस भरलेत म्हणून ते दहा दिवस तिच्याकडे गेले आहेत आणि जाताना टेबल माझ्याकडे देऊन गेले. प्रत्येक लॉटला एक कार्ड असतं. पास किंवा नापास, आणि खाली चाखणाऱ्याची सही. आतापर्यंत खाली मास्तरांची सही असायची. या दहा दिवसांत माझी आहे.

जाताना म्हणाले, "प्रयोगशाळेच्या कागदावर विसंबू नकोस. तो कागद माल निघायच्या आधीचा असतो. फवारलेल्या औषधाचे अंश, धातू, ते सगळं त्यांनी बघितलेलं असतं. पण पुढचे तीस दिवस माल रस्त्यावर असतो. वाटेत काय झालं ते सांगायला फक्त तुझं नाक आहे."

सोबत पार्सल आहे. अर्धा किलो, पिवळं पाकीट. माझ्या सहीनं सुटलेला पहिला लॉट आहे. दुकानात जायच्या आधी मी त्यातलं एक विकत घेतलं. फुकट नाही आणलं, पावती आत टाकली आहे. तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून सुटा चहा आणता, तो बरणीत किती दिवसांचा असतो देव जाणे. पाकीट घेताना तारीख बघत जा, शिवण घट्ट आहे का बघा (तुम्हाला काय सांगायचं), आणि सगळ्यात स्वस्त असेल तर थोडा गार पाण्यात टाकून बघा. फार बारीक भुकटी असली की रंग चटकन येतो, आणि लोकांना वाटतं कडक आहे.

गोदाम सांभाळणाऱ्या मावशी आहेत, वीस वर्षं इथं आहेत. कुठलं पोतं कुठल्या भिंतीशी ठेवलंय ते त्यांना वहीशिवाय सांगता येतं. त्यांनी मला टेबलाशी एकटा बघितलं आणि म्हणाल्या, "आता तुला साहेब म्हणायचं का रे?"

मी म्हणालो, "तुम्ही म्हटलंत तर मी कपाटात लपेन."

"मग नाही म्हणत. कपाटात डबे आहेत, सांडवशील."

ते डबे राखीव डबे. प्रत्येक पास लॉटमधला थोडा चहा डब्यात भरून, वर कागदाची पट्टी चिकटवून, पट्टीवर सही करून कपाटात ठेवतात. पुढं काही तक्रार आली तर डबा उघडायचा आणि बघायचं, चहा इथून निघाला तेव्हा कसा होता. कपाटाची किल्ली सध्या माझ्या खिशात आहे.

मध्ये जरा थंडी वाजली होती, आता बरं आहे.

पार्सल मिळालं की आपल्या गल्लीतल्या औषधवाल्याकडे नुसतं मिळालं म्हणून सांगा. मी त्याला फोन करतो अधूनमधून. तो सांगतो तुम्ही कसे आहात ते. तुम्हाला माहीत नाही असं समजून सांगतो.

तुमचा


२३ डिसेंबर

आप्पा,

हे थोडक्यात लिहितो.

परवा मी औषधवाल्याला फोन करून निरोप दिला होता, की आप्पांना सांग, तो चहा पिऊ नका, पाकिटाला भोक होतं असं आठवतंय. तो म्हणाला सांगतो. सांगितलं असेल. नसेल तर हे वाचून तरी नका पिऊ.

इथं गडबड चालू आहे. मास्तर परत आल्यावर आठवडाभरात दुकानांतून तक्रारी यायला लागल्या. लोक म्हणतात, पिवळ्या पाकिटातल्या चहाला कुबट वास येतोय. एक वृद्धाश्रम आहे, तिथलं स्वयंपाकघर आमचीच मोठी पाकिटं नेतं. तिथं तिघांची पोटं बिघडली. चहानंच बिघडली की आणखी कशानं, ते त्यांच्या डॉक्टरलाही सांगता येईना. पाकीट परत आलं, मास्तरांनी उघडलं आणि लगेच बंद केलं. प्रयोगशाळेनं सांगितलं बुरशी आहे.

मग राखीव डबा उघडला. मोठे साहेब समोर होते. मास्तरांनी कप लावला, सहा मिनिटं थांबले, सुर्र केलं आणि म्हणाले, "हा चांगला आहे. इथून चांगलाच गेलाय."

म्हणजे पास झाल्यावर आणि पाकिटात जायच्या आधी, जे चार दिवस पोती गोदामात होती, तेव्हा काहीतरी झालं असणार. गोदामाच्या मागच्या भिंतीला ओल येते, हे सगळ्यांना माहीत आहे. मावशी म्हणाल्या, "त्या भिंतीला मी वीस वर्षांत एक पोतं टेकवलेलं नाही." साहेब म्हणाले, "मग बुरशी आकाशातून पडली का?" मावशींना महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. त्यानंतर यायचं नाही.

मी काही बोललो नाही. माझं बोलायचं काम नव्हतं.

नऊ हजार पाकिटं आहेत. निम्मी विकली गेली आहेत.

तुम्ही तो चहा उघडला होता का?


२७ डिसेंबर, दुपार

आप्पा,

मागच्या पत्रात मी जे लिहिलं त्यातलं काही खरं नाही. खोटं असं कुठलं वाक्य नसेल, तपासून बघा, पण खरं नाही. असं लिहायला मला जमतं हे तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे.

मला सर्दी झाली होती. थंडी वाजली वगैरे नाही, नाक ठार बंद. मास्तर गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी. सकाळी उठलो आणि साबण हुंगून बघितला, काही नाही. औषधी मलम नाकाला लावलं, डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही. मला नियम माहीत होता. सांगायचं, टेबल बंद, कंटेनर फाटकाबाहेर उभा राहू दे.

तो माझ्या सहीचा पहिला लॉट होता. मी आधीच ठरवलं होतं की त्यातलं पाकीट तुम्हाला पाठवायचं. म्हणून बसलो टेबलाशी. डोळ्यांनी बघितलं, पत्ती तांबूस होती. जीभ चालत होती, कडकपणा कळत होता, तुरटपणा कळत होता. ओल मोजायचं यंत्र आहे, त्याचा आकडाही बरोबर होता, कारण पोती वाटेत भिजली होती आणि वाटेतच वाळली होती. नुसता वास राहिला होता. तेवढा एकच राहिला होता, आणि तेवढाच मला येत नव्हता. मी 'पास' लिहिलं आणि सही केली. सही छान आली. दोनदा बघितली.

तक्रारी सुरू झाल्या त्या दिवशी माझं नाक उघडलेलं होतं. मास्तर जेवायला गेले तेव्हा मी कपाट उघडलं आणि त्या लॉटचा राखीव डबा काढला. पट्टी फाडली. आप्पा, झाकण पुरतं निघालंही नव्हतं. बंद खोलीतल्या गादीला पाऊस लागल्यावर येतो ना, तसा वास. कुणालाही आला असता, लहान पोरालासुद्धा.

मग मी जे केलं ते मला नीट लिहायचं आहे, म्हणून हळू लिहितो. त्याच मळ्यातून, त्याच आठवड्यात तोडलेला दुसरा एक लॉट आला होता, वेगळ्या कंटेनरनं, कोरडा. तो त्याचा जुळा भाऊच. मास्तरांनासुद्धा दोघांत फरक सापडला नसता. मी डबा धुतला, पुसला, पाण्याच्या शेगडीजवळ ठेवून वाळवला, त्यात दुसऱ्या लॉटचा चहा भरला, नवी पट्टी लावली आणि तारीख जुनी घालून सही केली. किल्ली परत खिशात ठेवली. नंतर मी जेवलोसुद्धा. नीट जेवलो.

मास्तरांनी साहेबांसमोर सुर्र केलं तो हाच चहा.

आज सकाळी मी गोदामात गेलो. मावशी किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधत होत्या, पुढच्या माणसाला कळावं म्हणून. मला बघून म्हणाल्या, "तुझं का तोंड उतरलंय? नोकरी तर माझी चाललीय."

मी म्हणालो, "मावशी, तुम्ही साहेबांना एक गोष्ट सांगितली नाहीत."

"कुठली?"

"मला तेव्हा सर्दी होती. तुम्हीच मला वाफ घ्यायला पातेलं दिलं होतंत. इथं, या स्टुलावर बसून घेतली मी."

"मग? ते काय सांगायचं? तू कळवलं असशीलच ना मास्तरांना फोन करून. टेबलाचा नियमच आहे." त्या चिठ्ठी बांधत होत्या. मग हात थांबला. "कळवलं होतंस ना रे?"

मी हो म्हणालो.

त्यांनी ते लगेच मानलं. "बघ ना," म्हणाल्या, "म्हणून तर मी विचारलंसुद्धा नाही," आणि दुसरी किल्ली उचलली.

मी खोलीवर आलो आणि पिशवी भरली. दहावं ठिकाण. संध्याकाळची गाडी आहे, तिकीट मिळतं. पिशवी दाराशी आहे आणि मी हे लिहितोय. लिहिता लिहिता मला कळलं की मी आजवर नऊ ठिकाणं सोडली ती कंटाळून नाही. प्रत्येक ठिकाणी काहीतरी कळायची वेळ आली होती. घरसुद्धा धरायचं असेल तर दहा झाली.

मास्तर रोज आठला येतात. उद्या मी साडेसातला टेबलाशी उभा राहणार आहे. तुम्हाला आधी लिहितोय, कारण हे पेटीत पडलं की मला मागं फिरता येणार नाही. तुम्हाला एकदा खरं कळलं की तुम्ही विसरत नाही.

चहाचं पाकीट फुटकं नव्हतं. पाकीट चांगलं होतं.


१६ जानेवारी

आप्पा,

काल औषधवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "थांब, लिहून ठेवलंय," आणि वाचून दाखवलं. तुम्ही सांगितलेलं त्यानं शब्दाला शब्द लिहिलं होतं, पावतीच्या मागे. पत्र मिळालं. चहा दोन दिवस प्यायलो. वास आला होता. पोट बरं आहे. बाकीचा टाकला. त्या बाईची नोकरी राहिली का ते कळव.

चार वर्षांतला तुमचा पहिला निरोप, आणि त्यात चौकशी दुसऱ्याचीच. मी फोन ठेवून जरा वेळ बाहेर उभा राहिलो.

वास आला होता तर दोन दिवस का प्यायलात, ते मी विचारत नाही. मला वाटतं मला माहीत आहे, आणि तेच खरं निघालं तर मला झेपणार नाही.

मावशींची नोकरी राहिली.

कसं ते सांगतो. मास्तर आठला आले. मी उभा होतो. त्यांनी कोट काढला, अडकवला, बाही दुमडली, आणि म्हणाले, "पाणी ठेवलंस का?" मी म्हणालो, "आधी एक सांगायचंय." आणि सांगितलं. सर्दी, कार्ड, डबा, पट्टी, सगळं. खाली बघून सांगितलं. सांगून झाल्यावर वर बघितलं तर ते टेबलाकडे बघत होते.

मग म्हणाले, "सर्दी झाली हा गुन्हा नाही. लपवलीस तो मूर्खपणा आहे, तुझ्या वयात होतो. पण तू माझ्या जिभेला खोट्या साक्षीला उभं केलंस. बत्तीस वर्षांत तिनं ते केलं नव्हतं."

मी म्हणालो, "मी पिशवी भरली आहे."

"मग उतरव," ते म्हणाले. "पळायची सोय मी तुला का करून देऊ?"

त्या दिवशी सगळे कप त्यांनी स्वतः विसळले. मला हात लावू दिला नाही. ते बघत उभं राहणं फार अवघड गेलं.

साहेबांना माझं नावच काढून टाकायचं होतं. मास्तर म्हणाले, चूक दोघांची आहे, एका नाकावर टेबल सोडून जायला नको होतं. हे त्यांनी लेखी दिलं. मला पुन्हा पोत्यांवर पाठवलं आहे आणि ते बरोबर आहे. वर एक काम दिलं. त्या लॉटची पाकिटं जिथं जिथं गेली त्या सगळ्या दुकानांत जाऊन परत आणायची. दुकानदारांना कागद गेला होता, पण कागद वाचून पाकिटं फळीवरून आपोआप उतरत नाहीत.

नऊ दिवस फिरलो. त्रेपन्न दुकानं. फळीसमोर गुडघ्यावर बसायचं, एकेका पाकिटाचा आकडा बघायचा, आमचा निघाला की टोपलीत. एका दुकानात एक बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "हा चहा काढताय का? मग चांगला कुठला?" मी आधी टाळलं. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही कंपनीचेच ना? तुम्हाला नाही माहीत तर कुणाला?" तेव्हा मी म्हणालो, "बाई, कुठलाही घ्या, पण उघडल्यावर आधी हुंगा. कुबट आला तर परत आणून द्या, मागं हटू नका. आणि घरी सर्दी असेल तर दुसऱ्या कुणाला हुंगायला सांगा." त्या हसल्या, त्यांना वाटलं गंमत करतोय.

वृद्धाश्रमातही गेलो. तिथल्या स्वयंपाकिणीनं पाच मोठी पाकिटं आधीच बाजूला काढून ठेवली होती. तिला म्हणालो, ही माझ्या सहीची होती. ती म्हणाली, "असं होय," आणि मला बसायला सांगितलं नाही. तिघंही आता बरे आहेत. त्यांतल्या एका आजोबांनी विचारलं, "मग आता चहा बंद का आमचा?" मी म्हणालो, नाही, दुसरा आणलाय. तो मास्तरांनी पास केलेला होता. मी त्यांच्यासमोर उघडून आधी त्यांच्याच नाकाशी धरला.

नऊ हजारांतली साडेतीन हजार परत आली. बाकीच्यांतला चहा लोक प्यायले. तुमच्यासारखे.

मावशींना मी स्वतः सांगितलं, मास्तरांना सांगितल्यावर लगेच. त्यांनी ऐकून घेतलं. साहेबांनी त्यांना परत बोलावलं तेव्हा त्यांनी किल्ल्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या सोडल्या, एकेक, माझ्यासमोर. माझ्याशी बोलल्या नाहीत. पोतं कुठं ठेवायचं ते बोटानं दाखवायच्या. दोन आठवडे बोटच. तुमच्या हाताखाली वाढलोय म्हणून मला त्याची सवय आहे, पण त्यांच्याकडून ते जास्त लागलं.

आता नवा नियम आहे. कंटेनर उघडला की दोन नाकांनी हुंगायचं आणि दोघांनीही कार्डावर लिहायचं. दुसरं नाक कुणाचं घ्यायचं यावर साहेबांनी दोन पोरं सुचवली होती. मास्तर म्हणाले, पोरं नकोत, मावशी आहेत. वीस वर्षं त्या याच हवेत उभ्या आहेत.

आज सकाळी पहिला कंटेनर आला. मी उतरवणाऱ्यांत होतो. दार उघडलं, मास्तरांनी एक पोतं खाली घ्यायला लावलं, शिवण उसवली आणि इकडेतिकडे न बघता म्हणाले, "तू सांग."

मला वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणतायत. सगळे माझ्याकडे बघत होते. मी हात पुसले आणि मूठभर पत्ती घेतली. मुद्दाम वेळ लावला. आतल्या तळाचीही काढून बघितली. मग म्हणालो, "चहा बरा आहे. पण पोत्याच्या कापडाला किंचित रॉकेल आहे, बाहेरून. आत गेलेलं नाही अजून. आजच्या आज दुसऱ्या पोत्यात घातला तर वाचेल."

मास्तरांनी मावशींकडे बघितलं.

मावशी पुढे आल्या. मी हातातली पत्ती त्यांच्यापुढे केली तर त्यांनी ती घेतली नाही, खाली वाकून पोत्यातून आपली वेगळी घेतली. डोळे मिटून हुंगली. मग पोत्याचं कापड चिमटीत धरून नाकाशी नेलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि आप्पा, मला कुठंही जावंसं वाटत नव्हतं, पाय जागेवर होते.

त्या उभ्या राहिल्या, हात झटकले आणि मास्तरांना म्हणाल्या, "बरोबर सांगतोय तो."